ओपनएसएसएल अपडेट केलं, तरी भोक उघडंच का राहतं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपचं बिलिंग असो की खानापूर-निपाणीकडच्या सौहार्द सहकारी संस्थेचा सर्व्हर, बहुतेक ठिकाणी उबुंटू (लिनक्स) आणि त्यावर ओपनएसएसएल, म्हणजे नेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणारी लायब्ररी. तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं, की खालची कृती करा.

बॅकअप घ्या, नेहमीसारखं एपीटीने (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) अपडेट करा.

आता व्हर्जन. उबुंटू २२.०४ वर ३.०.२ दिसतं. नोव्हेंबर २०२२ मधली भोकं ३.०.७ मध्ये बुजवली, म्हणून ३.०.२ धोक्याचं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. उबुंटू तीच दुरुस्ती जुन्या आकड्यात बसवून देतं. बदलतो तो फक्त शेपटीचा आकडा. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) त्या भोकाचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे प्रत्येक भोकाला मिळणारा ओळख क्रमांक, शोधा, सापडला की झालं. सोर्स उतरवून स्वतः कंपाइल तर अजिबात करू नका. मशीनवर दोन लायब्ररी होतात आणि कोणता प्रोग्राम कोणती उचलतो याचा पत्ता लागत नाही.

खरी गोम रीस्टार्टमध्ये आहे. अपडेटने डिस्कवरची फाइल बदलते, पण चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच वापरत बसतो. यूपीएस-इन्व्हर्टरमुळे आपल्याकडचे सर्व्हर लाईट गेली तरी महिनोन्महिने बंद पडत नाहीत, त्यामुळे भोकही तितकेच महिने उघडं राहतं. रूट होऊन एलएसओएफ (कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल धरली आहे ते दाखवणारी कमांड) चालवा, त्यात ओपनएसएसएलच्या लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या दोन्ही फाइली शोधा. ओळीत ‘डीईएल’ दिसलं, तर तो प्रोग्राम पुसलेली फाइल धरून बसलाय. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला नुसतं रीलोड करून भागत नाही: त्याचे नवे वर्कर आधीपासून चालू असलेल्या जुन्या मास्टर प्रोसेसमधूनच निघतात, जुनी लायब्ररी सोबत घेऊन. रीस्टार्टच हवा. पोस्टग्रेस डेटाबेस, मेल, व्हीपीएन, सगळ्यांना. संध्याकाळी कॅश जुळली की करा आणि एलएसओएफ पुन्हा चालवा. एकही डीईएल उरता कामा नये. यादी लांबलचक असेल तर सरळ मशीनच रीबूट करा, त्यात कमीपणा नाही.

काही सॉफ्टवेअर स्वतःची लिबएसएसएल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात. एपीटी तिला हात लावत नाही. फाइंड कमांडने पूर्ण डिस्क धुंडाळा आणि विक्रेत्याकडून नवी आवृत्ती मागून घ्या. डॉकरमध्ये प्रोग्राम चालत असतील तर त्यांची इमेज (लायब्ररीसकट बांधलेला गठ्ठा) नव्याने बांधा.

भोक २०१४ च्या हार्टब्लीडसारखं, मेमरी गळणारं असेल, तरच पुढचं काम. त्यात एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची, खासगी की (सर्व्हरची गुप्त किल्ली) सुद्धा जाऊ शकायची, आणि लॉगमध्ये साधारणपणे काहीच उमटायचं नाही. इथे क्रम चुकवू नका: आधी अपडेट, मग रीस्टार्ट, मग नवी की, तिच्यावर नवं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं), जुनं रद्द, आणि शेवटी पासवर्ड. अपडेटच्या आधी बनवलेली नवी की त्याच भोकातून जाते. जुन्याच कीवर नवं सर्टिफिकेट घेतलं, तर चोराकडची किल्ली चालूच राहते.