दहा हजार फॉलोअर्सचं टार्गेट कुठे फसतं? या चुका टाळा

'तीन महिन्यांत दहा हजार फॉलोअर्स' हे लिहायला एक ओळ पुरते. आता त्यामागचं गणित करून बघा. आज ८०० फॉलोअर्स असतील, तर दर महिन्याला संख्या जवळजवळ २.३ पट व्हायला हवी: आधी १,८५०, मग ४,३००, मग १०,०००. गेल्या महिन्यात वाढ ५ टक्के असेल तर हे टार्गेट नव्हे, लॉटरीचं तिकीट आहे. त्याऐवजी महिन्याला १० टक्के धरा. तीन महिन्यांनी १,०६५ होतील. आकडा किरकोळ वाटेल, पण वाढीचा वेग दुप्पट झालेला असेल.

चूक: आधीचे आकडे न बघता टार्गेट ठरवणं

गेल्या २८ दिवसांचे आकडे काढा. २८ का, तर त्यात प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. ३० किंवा ३१ दिवसांत एखादा रविवार जास्त येतो आणि तुलना बिघडते. इन्स्टाग्रामवर इनसाइट्स (पोस्टचे आकडे दाखवणारा भाग) दिसत नसतील, तर अकाउंट प्रोफेशनल करून घ्या.

सरासरीवर मात्र विसंबू नका. दहा रील्सपैकी नऊंना तीनशेच्या आसपास व्ह्यूज आणि एकीला ९,००० असतील, तर सरासरी जवळपास १,२०० येते. प्रत्यक्षात तुमची नेहमीची रील तीनशेचीच आहे. व्ह्यूजचे आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि मधला आकडा धरा. व्हायरल झालेली रील वेगळी काढून ती का चालली हे जरूर तपासा, पण तिच्यावर पुढच्या महिन्याचा हिशोब मांडू नका.

चूक: हातात नसलेलंच टार्गेट

किती जण फॉलो करतील हे तुमच्या हातात नाही; किती पोस्ट टाकाल, हे आहे. म्हणून फॉलोअर्सचा आकडा अंदाज म्हणून लिहा आणि टार्गेट कामाचं ठेवा. तेही घड्याळ लावून. विषय शोधणं, शूट, एडिटिंग, कॅप्शन मिळून एका रीलला तीन तास लागत असतील आणि आठवड्यात पाचच तास मोकळे असतील, तर रोज एक रील होणारच नाही. आठवड्याला एक रील आणि एक कॅरोसेल (सरकवून बघायच्या अनेक फोटोंची पोस्ट), एवढंच जमेल. रोजचा संकल्प बहुतेकदा काही आठवड्यांतच मोडतो, कारण तोवर आधी साठवलेले विषय संपलेले असतात. दोन आठवड्यांचं साहित्य तयार असल्याशिवाय वेळापत्रक जाहीर करू नका.

चूक: यूट्यूबच्या अटी अर्धवट वाचणं

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर्स आणि त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास वॉच टाइम (लोकांनी तुमचे व्हिडिओ बघितलेला एकूण वेळ) किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्स फीडमधला वॉच टाइम या ४,००० तासांत धरला जात नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. शिवाय १२ महिने म्हणजे सरकती खिडकी: वर्षापूर्वीचे तास रोज गळत जातात, त्यामुळे मध्ये थांबलात तर एकूण आकडा खालीही येतो.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं बघत असतील तर ६०,००० व्ह्यूज लागतील, म्हणजे वर्षभर रोज सुमारे १६५. तीच सरासरी पाच मिनिटांवर नेली तर ४८,००० पुरतात. म्हणून पहिलं टार्गेट व्ह्यूजचं नको, प्रेक्षक टिकवण्याचं, म्हणजे रिटेन्शनचं ठेवा. रिटेन्शनचा आलेख पहिल्या ३० सेकंदांत कोसळत असेल, तर लांबलचक नमस्कार-चमत्कार कापा.

चूक: एंगेजमेंट रेट दरवेळी वेगळ्या पद्धतीने काढणं

एंगेजमेंट रेट म्हणजे पोस्टला मिळालेल्या प्रतिसादाची टक्केवारी. समजा, २,००० फॉलोअर्स, ६०० रीच (पोस्ट जितक्या जणांपर्यंत पोचली ती संख्या), आणि लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर मिळून ३६. रीचने भागलं तर ६ टक्के, फॉलोअर्सने भागलं तर १.८. दोन्ही बरोबर, पण या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरं वापरलं तर घसरण झाली की वाढ, कळणारच नाही. एकच सूत्र ठरवा.

आकडा अडला की कुठे बघायचं

रीचच कमी असेल तर पहिले तीन सेकंद आणि विषय तपासा. रीच आहे पण प्रोफाइलवर कोणी येत नाही, म्हणजे पोस्ट तिथल्या तिथे संपते. पुढे काय मिळणार याची खूण त्यात नसते. प्रोफाइलवर येऊनही फॉलो करत नसतील तर बायो आणि वरच्या नऊ पोस्ट बघा. बायो स्वयंपाकाचा आणि पोस्ट निम्म्या प्रवासाच्या असतील, तर येणारा गोंधळतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान चार-सहा पोस्ट होऊ द्या. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला हे सांगता येत नाही.

अडलेला आकडा फॉलोअर्स विकत घेऊन ढकलू नका. ते पोस्ट बघत नाहीत, त्यामुळे एंगेजमेंट रेट खाली जातो. वर खोटी अकाउंट्स कधीही साफ होतात: इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१४ मध्ये अशी मोठी सफाई केली, तेव्हा अनेकांचे आकडे रातोरात घसरले होते.