सात तारखेचा महिना

आमच्या घराचा महिना १ तारखेला सुरू होत नाही. तो ७ तारखेला सुरू होतो आणि पुढच्या ६ तारखेच्या रात्री संपतो. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षात घरात जी ओढाताण झाली ती दुसऱ्या कुणाकडे होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ह्यांची नोकरी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. आधीच्या ठिकाणी पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी हातात पडायचा. नवीन ठिकाणी तो ७ तारखेला होऊ लागला. ते कायद्यात बसतंच, आणि पगार दोन हजारांनी वाढला होता, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. पण दूधवाले काका, मुलीची शाळेची रिक्षा, घराच्या कर्जाचा हप्ता, सगळं जुन्या तारखांवर बसलेलं. पहिले सहा दिवस क्रेडिट कार्डावर निघू लागले. पगार आला की त्यातून कार्डाचे थोडे भरायचे, मग २० तारखेलाच हात आखडायचा, पुन्हा कार्ड. जूनमध्ये ५ तारखेचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला. खातं असलेल्या बँकेने दंड लावला तो वेगळा आणि कर्ज देणाऱ्यांनी लावला तो वेगळा. दोन्ही मिळून हजाराच्या वर गेले. उधळपट्टी कुणीच केली नव्हती, फक्त तारखा जुळत नव्हत्या.

तेव्हा पहिलं काम हेच करा. एका कागदावर पगाराची तारीख लिहा आणि तिच्याखाली प्रत्येक देण्याची तारीख. पगाराच्या आधीच्या आठवड्यात जे जे येतं त्याला गोल करा, आणि ते एकेक करून पगारानंतर ढकला. कर्जाच्या हप्त्याची तारीख बदलून मिळते का, हे शाखेत जाऊन लेखी अर्जाने विचारा. आमची ५ची १० झाली. दूधवाल्या काकांना मी म्हटलं, "काका, या महिन्यापासून पैसे ८ तारखेला देईन, चालेल ना?" ते म्हणाले, "बेन, आधी सांगितलंत ना, मग काही वांधा नाही." देणं थकल्यावर तोंड चुकवण्यापेक्षा तारीख यायच्या आधी बोललेलं समोरच्यालाही बरं वाटतं. रिक्षावाले भाऊही तयार झाले.

आता मधूनच सुरुवात कशी करायची ते सांगते, कारण बहुतेकांना जाग येते ती महिन्याच्या मध्येच, आणि मग "पुढच्या पगारापासून बघू" असं म्हणून तेही पंधरा दिवस जातात. मी बसले ती २२ जूनला, रात्री, झोपाळ्यावर, मांडीवर वही घेऊन. खात्यात आणि घरात मिळून ४,३१० रुपये होते. ७ जुलैपर्यंत पंधरा दिवस. त्यातून सासूबाईंच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचे ९०० आधी बाजूला काढले. राहिले ३,४१०. भागिले १५, म्हणजे दिवसाला २२७. हा आकडा कळला आणि छातीवरचं ओझं उतरलं. त्याआधी नुसतं "पैसे नाहीत" एवढंच डोक्यात होतं, आता २२७ रुपयांत पाच माणसांचा दिवस काढायचा होता, आणि तो विचार करता येण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले. हे जरूर करा, आणि नुसतं डोकावून नका बघू. झाकण उघडून हात घालून बघा. माझ्याकडे दीड किलो वाल निघाले, सव्वा किलो मुगाची डाळ, बेसन अर्धा डबा, शेंगदाणे, साबुदाणा, उन्हाळ्यातले पापड आणि सांडगे. गहू तर मे महिन्यात भरलेलेच होते. मी आणि सासूबाईंनी दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून कोठीत घातलेले, हात घातला की अजून तेलाचा वास येत होता. म्हणजे बाहेरून आणायचं होतं ते फक्त दूध, भाजी आणि थोडं तेल. दुधाचे पैसे ८ तारखेवर गेले होते. मग त्या पंधरा दिवसांत वालाचं बिरडं, पिठलं, खिचडी-कढी, सांडग्यांची भाजी असं आलटून पालटून केलं. भाजीला खंडेराव मार्केटला संध्याकाळी उशिरा जायचे, लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, आवरायच्या वेळेला. भेंडी, गिलकी त्या वेळी सकाळपेक्षा स्वस्त पडतात. मात्र पालेभाजी त्या वेळी घेऊ नका, निम्मी टाकावी लागते.

त्या पंधरा दिवसांतच खात्याचं पासबुक भरून आणलं. मोबाइलवर बघू नका. छापलेलं कागदावर घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. दीडशे रुपयांच्या आतले यूपीआयचे खर्च मोजले तर महिन्यात ४७ निघाले, बेरीज ३,८६०. चहा, सेवउसळ, पाणीपुरी, मुलाचं रिचार्ज, स्टेशनरी. यातला एकही खर्च चुकीचा नव्हता, म्हणूनच तो कुणाच्या नजरेत आला नव्हता. शिवाय ऑटोपेच्या दोन वर्गण्या दर महिन्याला आपोआप कापल्या जात होत्या. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा वेगळा भाग असतो, तिथे चालू असलेल्या सगळ्या मंजुऱ्या दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे अशी कपात व्हायच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती सूचना न वाचता पुसायची सवय आम्हा सगळ्यांनाच होती.

पगार झाला त्या संध्याकाळी पुढची मांडणी केली. हातात ४६,५०० येतात. हप्ता १२,५००, शाळा-क्लास-रिक्षा ४,८००, औषधं २,२००, फोन आणि नेट १,१५०, ह्यांचं पेट्रोल २,४००, कार्डाची परतफेड ३,०००. यापुढच्या दोन गोष्टी बडोद्यातल्या प्रत्येक घराला लागू आहेत म्हणून त्यांच्यावर जरा थांबते.

आपल्याकडे एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचं लाइटबिल दोन महिन्यांचं येतं, पाइपगॅसचंही तसंच. ज्या महिन्यात बिल नाही तो महिना मोकळा वाटतो, आपण दोनशे इकडे, पाचशे तिकडे सोडतो, आणि पुढच्या महिन्यात दोन्ही बिलं एकदम दारात उभी राहतात. म्हणून बिल येवो न येवो, दर ७ तारखेला अर्धी रक्कम बाजूला गेलीच पाहिजे. आमचे २,२५० जातात. उन्हाळ्यात एसी किंवा कूलर चालतो त्यामुळे मे-जूनचं बिल मोठं असतं. अंदाज हिवाळ्याच्या बिलावरून न करता वर्षभराची सहा बिलं मिळवून करा.

दुसरं म्हणजे वर्षाचे खर्च. लोक त्यांना अचानक आलेले म्हणतात, पण गणपती दरवर्षी येतात, नवरात्र दरवर्षी येतं, विम्याचा हप्ता येतो, जूनमध्ये वह्या-पुस्तकं-गणवेश येतात. आमची बेरीज अशी: गहू-तांदूळ १३,०००, सणवार १२,०००, विमा १४,०००, शाळा ९,०००. एकूण ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. गहू आम्ही हाथीखान्याच्या धान्यबाजारातून दहा मण घेतो (इकडचा मण वीस किलोचा), लोकवन जातीचा. (हे नाव सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेवरून पडलेलं, तिथेच ही जात तयार झाली.) एकदम घेतला की किलोमागे स्वस्त पडतो हे खरं, पण त्यासाठी पैसे आधी साठलेले हवेत. कार्डावर घेतलेला गहू स्वस्त पडत नाही. तेलाच्या १५ किलोच्या डब्याचंही तेच. शिवाय डबा भरलेला असला की तळणाला हात सैल सुटतो. सध्या मी पाच लिटरचाच कॅन आणते.

हे सगळं वजा करून १४,२०० उरतात. यातच दूध, भाजी, किराणा, बाहेरचं खाणं. बहुतेक जण याचे चार भाग करतात आणि इथेच फसतात. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. ७ जुलै ते ६ ऑगस्ट ३१ दिवस होतात. वरचे तीन दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात, आणि ते येतात नेमके शेवटी. म्हणून मी पाच पाकिटं करते: ३,२०० ची चार आणि १,४०० चं पाचवं. प्रत्येकावर तारखा लिहिते, ७ ते १३, १४ ते २०, अशा. दुधाचे पैसे जरी ८ तारखेला द्यायचे असले तरी प्रत्येक पाकिटातून त्यांचा वाटा काढून वेगळ्या डबीत टाकते. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतातच. पाकीट आठवडा संपायच्या आत रिकामं झालं तर पुढचं उघडायचं नाही, डब्यांकडे वळायचं. नोटा नको असतील तर दुसऱ्या एखाद्या खात्यात दर आठवड्याला तेवढीच रक्कम टाका आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोडा. पगाराच्या खात्याचं यूपीआय आम्ही फोनमधून काढून टाकलं.

ह्यांच्याशी बोलणं मला सगळ्यात जड गेलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे मी चहा पण विचारून प्यायचा का?" मी म्हटलं, "अहो, विचारायचं नाही. तुमचे आठवड्याचे २०० तुमचेच, हिशेब मागणार नाही." तेव्हापासून मुलांनाही स्वतःचे मिळतात. ज्याच्याकडे स्वतःचं म्हणून काही नाही तो पाकिटातून चोरून घेतो, आणि मग घरात पैशाबद्दल खोटं बोललं जातं. ते मला नको होतं.

कार्डाबद्दल एवढंच, की मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून गाडी चालवू नका. आमच्यावर १८,००० होते. महिना साडेतीन टक्क्यांनी ६३० व्याज, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ७४३ रुपये काहीही न घेता जात होते. मागची बाकी राहिली की नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्ड कपाटात ठेवा आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम भरा. अगदी अडलं तर सोनं ठेवून बँकेतून घ्या, पण पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला हात लावू नका.

७ तारीख रविवारी आली की आमच्याकडे पगार ८ ला होतो. तेव्हा पाकिटं करताना आधी कॅलेंडर बघा, पुढची ७ तारीख कोणत्या वारी आहे ते. रविवार असेल तर पाचव्या पाकिटात एका दिवसाचे जास्त घाला आणि दूधवाल्या काकांना ९ तारीख सांगून ठेवा.