ब्रायटन-होवची समुद्रासमोरची घरं कशी पाहावीत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, होवमध्ये ब्रुन्सविक टेरेस ही समुद्रासमोरच्या घरांची रांग आहे. तिथे गेलात की दारांशी घुटमळू नका. आधी रस्ता ओलांडून समोरच्या हिरवळीवर या. तिथून कळतं, की वास्तुकार चार्ल्स बझबीने १८२०च्या दशकात कितीतरी वेगळी घरं एकाच राजवाड्यासारख्या दर्शनी भागामागे बसवली आहेत. ते कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, खांब कुणा एका घराचे नाहीत, अख्ख्या रांगेचे आहेत.

मग मजले वाचा. तळघरात स्वयंपाकघर, रस्त्याच्या पातळीला जेवणघर, त्यावर दिवाणखाना. सगळ्यात उंच खिडक्या आणि सज्जा दिवाणखान्यालाच. वर जावं तशी उंची घटत जाते. पोटमाळ्यावर नोकरमाणसं राहत.

खिडक्यांना मात्र निवांत वेळ द्या, मला तर त्याच जास्त आवडतात. खिडकीचा वरचा, सरकणारा अर्धा भाग पाहा. त्याच्या चौकटीचे खालचे कोपरे शिंगांसारखे खाली निघालेले असतील, तर खिडकी बहुधा १८४० नंतरची. मोठ्या काचा आल्या, मधल्या बारीक पट्ट्या गेल्या आणि सगळा भार कोपऱ्यांच्या सांध्यांवर आला. म्हणून लाकूड थोडं लांब सोडू लागले. लहान लहान काचा, बारीक पट्ट्या आणि शिंगं नाहीत, अशी खिडकी दिसली की खुशाल थांबा. ती जुन्या घडणीची आहे.

गुळगुळीत गिलाव्यावर जाऊ नका. ब्रायटनमधल्या त्या काळच्या कित्येक भिंती आतून 'बंगरूश'च्या आहेत: गारगोट्या, विटांचे तुकडे, खडूचा दगड, जे हाताशी आलं ते चुन्यात कालवून फळ्यांच्या साच्यात ओतलेलं. मागच्या गल्लीत, कुंपणाच्या भिंतीत ते उघडं दिसतं. पाणी मुरलं की ही भिंत ढासळते. त्यामुळे डागडुजी चुन्यानेच हवी. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं.

ब्रायटनच्या पूर्वेला रॉयल क्रेसेंट ही घरांची अर्धवर्तुळाकार रांगही पाहाच (१७९८ ते १८०७). काळ्या, चकचकीत विटा वाटतात त्या खरं तर लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या कौलांसारख्या फरश्या आहेत. विटांवरचा कर चुकवायला त्या लावल्या असं सर्रास सांगतात, पण १७८४च्या त्या करातून फरश्याही सुटल्या नव्हत्या.

१९४५ साली ब्रुन्सविक टेरेस पाडायचा घाट घातला गेला होता. त्याला विरोध करायला रीजन्सी सोसायटी ही जुन्या इमारती जपणारी संस्था उभी राहिली. आतून घर पाहायचं असेल तर ब्रुन्सविक स्क्वेअरमधलं १३ नंबरचं रीजन्सी टाउन हाउस गाठा. निघण्याआधी भेटीच्या वेळा तेवढ्या तपासा.