पोळ्याच्या अमावस्येनंतर डोमकळी उघडून बघितली का?

भाऊ, पोळा झाला, बैल सजले, पुरणपोळी पण खाऊन झाली, आता जरा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, आत शिरा. बांधावरून फोटो काढू नका, डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी आत असलेलं न उघडलेलं फूल, उघडा. दरवर्षी हेच बघतोय, बांधावरून पीक हिरवंगार दिसतं म्हणून कोणी आत जातच नाही आणि मग वेचणीला कवडी, म्हणजे अळीनं खराब केलेला, कापूस हाती आला की बियाण्याच्या नावानं शिव्या.

गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्रीचा. अंधाऱ्या रात्री तो जास्त अंडी घालतो असं जुने लोक सांगतात, कृषी सल्ल्यातही अमावस्येच्या आगेमागे फवारणी असतेच, आणि माझाही अंदाज तोच आहे. पण पंचांग बघून पंप उचलू नका. अंड्यातून साधारण 4-5 दिवसांत अळी निघते, फुलात नाहीतर बोंडात शिरते, भोक बुजून जातं आणि मग वरून काहीही मारा, ती आत आरामात सरकी खात बसते. तुमच्या हातात आहेत ते एवढेच दिवस. म्हणून अमावस्या ही आठवण समजा, पोळ्याची, मग सर्वपित्रीची, मग लक्ष्मीपूजनाची. तिन्हीला शेतात जायचं.

काय बघायचं:
- डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उघडलेलं गुलाबासारखं फूल. तोडा, आत अळी बघा, नष्ट करा.
- हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे). सलग 3 रात्री सापळ्यामागे रोज 8 पतंग आले की फवारणी.
- सर्वपित्रीपासून एकरी 20 हिरवी बोंडं फोडा. 1-2 बोंडांत अळी दिसली तरी फवारणी.

बोंडं फोडायला जीवावर येतं हे मला माहितीये, चांगलं बोंड वाया जातं वाटतं. 20 बोंडं गेली तर गेली ना राव!

प्रकाश सापळा लावला असेल तर पौर्णिमेला त्यात पतंग कमी दिसतात, कारण चांदण्यात बल्बचं तेज पडत नाही. अळी गेली असं समजून झोपू नका.

सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क, किंवा ॲझाडिरॅक्टिन 1500 पीपीएम 10 लिटरला 50 मिली. हे संध्याकाळीच मारा, उन्हात त्याचा दम लवकर जातो. मर्यादा ओलांडली तरच प्रोफेनोफॉस 50 ईसी, 10 लिटरला 20 मिली, तेही एकटंच. कृषी केंद्रात काउंटरवर टॉनिक, ह्युमिक, सिलिकॉन आणि वर दोन कीटकनाशकं असं एकाच पंपात कालवायला सांगतात, बिल वाढतं, अळी तशीच राहते. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरू नका. मास्क, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका, भर दुपारी तर नाहीच.

हल्ली सौर वादळानं, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या लोटानं, पिकं करपतात असे मेसेज पण फिरतात. मे 2024 ला मोठं वादळ आलं, लडाखमधे हानलेला आकाश लाल दिसलं, अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवरचे ट्रॅक्टर अडले. पिकं नाही करपली. ड्रोनवाल्यानं अशा दिवशी जीपीएस नीट चालतंय का बघावं, बस. कोणी सौर वादळाचं टॉनिक विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

सूर्याचं खरं काम पुढे आहे. दिवस लहान व्हायला लागले की बऱ्याच अळ्या जोड सरकीत (एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्यांत) सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या हंगामापर्यंत तशाच पडून राहतात. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी पाणी देऊन तीच कपाशी उभी ठेवली, की आपणच त्यांना पोसतो. दोन-चार क्विंटलच्या आशेनं पाणी देत बसू नका.

दिवाळीनंतर:
- कवडी कापूस वेगळा वेचा
- शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या सोडा
- डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, बांधावर ढीग लावू नका
- जिनिंगजवळ (कापसातून सरकी काढतात तो कारखाना) शेत असेल तर सापळे तिकडच्या बाजूला जास्त लावा

आणि सर्वपित्रीला 20 बोंडं फोडायला घरातल्या पोरांना पण घेऊन जा, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले.