कॅलिफोर्नियात पिस्तूल घेताना नवं की जुनं? या चुका टाळा

टेक्सासातला माझा मावसभाऊ फोनवर ठासून सांगत होता, "ताई, जुनंच घे. दीड-दोनशे डॉलर सहज वाचतील." त्याच्या राज्यात ते खरं आहे. आमच्याकडे कॅलिफोर्नियात मात्र जुनं पिस्तूल पुष्कळदा नव्यापेक्षा महाग पडतं, आणि काही पिस्तुलं तर दुकानात नवी मिळतच नाहीत. त्यामुळे इथे आधी ठरवावं लागतं ते एवढंच, की हे पिस्तूल कायद्याच्या कुठल्या वाटेने आपल्या हातात येणार. ओळखीतल्या चार-पाच जणांबरोबर मी पहिल्या खरेदीला दुकानात गेले आहे. त्यांचे बहुतेक घोटाळे ही वाट उशिरा शोधल्यामुळे झाले.

सगळ्यात आधी स्वतःचा व्हिसा

बे एरियातल्या आपल्या लोकांसाठी हे मुद्दाम पहिलं लिहिते. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगता येत नाही. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी लागू होणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. "मी विकत थोडंच घेतोय, रेंजवर भाड्याने घेऊन झाडतोय" हा बचाव चालत नाही, कारण हातात धरणं हेही बाळगणंच. २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेलं रेहाइफ प्रकरण फ्लोरिडातल्या एका शूटिंग रेंजवरूनच सुरू झालं होतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आणि कॉलेजातून काढल्यावर स्टेटस गमावलेल्या माणसाचं ते प्रकरण.

ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. पण जोडीदार अजून नॉन-इमिग्रंट व्हिसावर असेल, तर पिस्तुलाच्या तिजोरीचा कोड किंवा चावी फक्त तुमच्याकडेच असू द्या.

मॉडेल आधी, यादी नंतर

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. माणूस महिनाभर व्हिडिओ बघतो, एका मॉडेलवर त्याचा जीव जडतो, दुकानात जातो आणि काउंटरवरचा माणूस मान हलवतो: "रोस्टरवर नाही."

रोस्टर म्हणजे राज्याच्या न्याय खात्याची, दुकानात विकायला मान्यता असलेल्या हँडगनची यादी. १ जानेवारी २००१पासून ती लागू आहे. सुरुवातीला पिस्तूल प्रयोगशाळेत झाडून आणि उंचावरून पाडून पाहत, एवढीच अट होती. २००७पासून यादीत नव्याने येणाऱ्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलाला दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी आहे हे बाहेरून दाखवणारी खूण हवी, आणि मॅगझीन (गोळ्या भरायचा सुटा कप्पा) काढल्यावर चाप दाबला तरी गोळी सुटू नये अशी यंत्रणा हवी. मे २०१३मध्ये मायक्रोस्टॅम्पिंगची भर पडली, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीवर पिस्तुलाची सूक्ष्म ओळख उमटली पाहिजे. ही अट पाळणारं पिस्तूल कुठल्याही कंपनीने बाजारात आणलं नाही. परिणामी जवळजवळ दहा वर्षं सेमी-ऑटोमॅटिकची यादी गोठली. आधीपासून यादीत असलेली मॉडेलं तेवढी विकली जात राहिली, आणि कंपनीने वार्षिक नूतनीकरण केलं नाही की तीही गळत गेली. म्हणूनच बाहेर ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांची पाचवी पिढी विकली जात असताना आमच्याकडे "नवं" म्हणून तिसऱ्या पिढीचं ग्लॉक मिळायचं. २०२३मध्ये बोलँड खटल्यात सांता अॅना इथल्या फेडरल न्यायाधीशांनी या अटींना स्थगिती दिली. वरच्या कोर्टाने चेंबरची खूण आणि मॅगझीनची यंत्रणा या दोन अटी तूर्त चालू ठेवल्या, मायक्रोस्टॅम्पिंग मात्र बाजूला राहिलं. तेव्हापासून काही कंपन्यांनी खास कॅलिफोर्नियासाठी बनवलेली मॉडेलं यादीत आणली आहेत.

यादी न्याय खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येते. ती बघताना नुसतं नाव जुळवू नका, पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा. रंग किंवा फिनिश बदललं तरी नोंद वेगळी असते. महिन्यापूर्वी पाहिलेल्या यादीवरही विसंबू नका. ऑक्टोबर २०२५मध्ये सही झालेल्या कायद्याने तर १ जुलै २०२६पासून डीलरांना ग्लॉकच्या धाटणीची, सहज ऑटोमॅटिक करता येणारी पिस्तुलं विकायला मनाई केली आहे. पैसे देण्याच्या दिवशी यादी पुन्हा उघडा.

रिव्हॉल्व्हरला खूण, मॅगझीनची यंत्रणा आणि मायक्रोस्टॅम्पिंग या तीन अटी लागत नाहीत. त्यामुळे नवं, चालू उत्पादनातलं आणि वाजवी किमतीचं काही हवं असेल, तर त्या कपाटाकडे नक्की बघा. पहिल्यांदा घेणारे तिकडे वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

"वापरलेलं आहे, म्हणजे रोस्टर लागत नाही"

अर्धवट खरं असल्यामुळे हा समज जास्त गोत्यात आणतो. सूट मिळते ती पिस्तूल जुनं असल्यामुळे मिळत नाही, व्यवहार दोन खासगी माणसांमधला असल्यामुळे मिळते. कॅलिफोर्नियाचे दोन रहिवासी डीलरकडे समक्ष जाऊन आपसात व्यवहार करतात, त्याला इथे पीपीटी (प्रायव्हेट पार्टी ट्रान्सफर) म्हणतात. त्यात यादीबाहेरचं पिस्तूलही चालतं. तेच पिस्तूल दुकानाने स्वतः विकत घेऊन कपाटात मांडलं असेल, तर ती डीलरची विक्री झाली आणि रोस्टर लागू झालं.

आता मावसभावाच्या सल्ल्याचं कोडं सुटतं. यादीबाहेरची पिस्तुलं इथे येतात ती मुख्यतः दोन वाटांनी: दुसऱ्या राज्यातून राहायला आलेले लोक आणि खरेदीत सूट असलेले पोलीस. माल थोडा, मागणी भरपूर. बाहेर साडेपाचशे-सहाशे डॉलरला नवं मिळणारं पिस्तूल इथे वापरलेलं हजाराच्या पुढे जातं. हौस असेल तर जरूर द्या. पण यादीतलं तसंच काम करणारं नवं मॉडेल त्याच्या निम्म्यात मिळत असेल, तर तो जास्तीचा पैसा गोळ्या आणि सरावावर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानातल्या नव्या पिस्तुलावर जुलै २०२४पासून ११ टक्के राज्य अबकारी कर बसतो, तो मात्र हिशेबात धरा.

रेनो किंवा लास व्हेगासला जाऊन आणता येईल का, असं हमखास विचारतात. येत नाही. हँडगन दुसऱ्या राज्यातून थेट घेता येत नाही, ती इथल्या डीलरकडेच यावी लागते, आणि तिथे आली की पुन्हा रोस्टर. पिस्तूल तात्पुरतं "सिंगल शॉट" (एका वेळी एकच गोळी भरणारं) करून आणण्याची जुनी युक्ती अजून कुणीकुणी सुचवतं. ती वाट २०१५मध्ये बंद झाली. आई-वडील आणि मुलं, किंवा आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यातल्या हस्तांतराला मात्र खरी सूट आहे. तिचे नियम वेगळे आहेत, ते डीलरकडून नीट समजून घ्या.

पिस्तुलाबरोबर गुन्हा घरी आणू नका

विकणारा सज्जन असतो, डबा जसाच्या तसा देतो. डब्यात १५ किंवा १७ गोळ्यांची मॅगझीन असतात. १०पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन विकणं, देणं किंवा राज्यात आणणं इथे २०००पासून बेकायदा आहे. व्यवहार ठरवतानाच विचारा, "दहाचं मॅगझीन बरोबर आहे का?" नसेल तर त्याची किंमत आणि ते मिळतं की नाही, दोन्ही आधी तपासा. वापरलेल्या पिस्तुलाचा भाव ठरवताना लोक हे हमखास विसरतात.

याहून गंभीर म्हणजे नळीच्या तोंडाला बाहेरून आटे असलेलं पिस्तूल. मॅगझीन निघणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकला अशी नळी असली, तर कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत ते असॉल्ट वेपन ठरतं. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मालात अशी नळी असू शकते, आणि वर टोपण बसवलेलं असल्यामुळे ती लक्षातही येत नाही. टोपण काढायला लावा.

काउंटरवर हातात घेतल्यावर

आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून धरा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. हाच क्रम, दर वेळी, विकणाऱ्याने तपासून दिलं तरीही. "मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं" ही समजूत जीव घेते. मॅगझीन काढल्यावर चाप निकामी करणारी यंत्रणा यादीबाहेरच्या पुष्कळ पिस्तुलांत नसते, आणि यादीत आधीपासून असलेल्या तिसऱ्या पिढीच्या ग्लॉकमध्येही नाही.

बाहेरच्या ओरखड्यांना फार भाव देऊ नका. पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं लटकलेलं पिस्तूल म्यानात घासून पांढरं पडतं, पण झाडलेलं असतं थोडंच. नळीतून उजेड पाहा: आत खड्डे, गंज किंवा फुगल्याची कडी दिसली तर परत ठेवा. रिव्हॉल्व्हरचा घोडा हळूहळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर जागेवर खटकन बसलं पाहिजे. घोडा अडकल्यावर सिलिंडर अजून फिरायचंच राहिलं असेल, तर व्यवहार सोडा. ट्रिगरमध्ये आधीच्या मालकाने बाहेरचे सुटे भाग बसवलेत का हे सरळ विचारा, आणि असतील तर मूळ भाग मागा. रिकॉइल स्प्रिंग हा झिजणारा, स्वस्तातला भाग आहे, तो नवा घालायचाच असं धरून चाला. शेवटी सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने माल परत मागवलाय का, ते बघा. स्प्रिंगफील्डच्या एक्सडी-एसचं २०१३चं रिकॉल आणि सिग पी३२०चं २०१७चं ऐच्छिक अपग्रेड ही ठळक उदाहरणं. असे नग दुरुस्त न होताच हातोहात फिरत राहू शकतात.

कागद अडले तर

माझं स्वतःचं पहिलं काम पत्त्यावर अडलं. घर बदललं होतं आणि लायसन्सवर जुनाच पत्ता. हँडगनसाठी रहिवासाचा पुरावा लागतो, तेव्हा वीजबिल किंवा घरभाड्याचा करार बरोबर न्या, आणि डीएमव्हीतला (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या खात्यातला) पत्ता आधीच बदलून घ्या. वय किमान २१. फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट हवं: ३० प्रश्न, २३ बरोबर, फी २५ डॉलर, मुदत पाच वर्षं.

नवं असो वा जुनं, दहा दिवस थांबावं लागतंच. पीपीटीत राज्याच्या फीशिवाय डीलरला एका बंदुकीमागे १० डॉलरच घेता येतात, जास्त मागितले तर दुसरीकडे जा. "डिलेड" असा शेरा आला तर घाबरू नका, न्याय खातं ३० दिवसांपर्यंत तपास लांबवू शकतं. नकार आला तर आपली नोंद मागवून चूक दुरुस्त करून घेता येते. मंजुरी आली आणि तुम्ही सुट्टीवर भारतात निघून गेलात, तर मात्र पंचाईत: कागद भरल्यापासून ३० दिवसांत ताबा घेतला नाही की अर्ज रद्द होतो आणि फी भरून सगळं पहिल्यापासून. तिकिटं काढली असतील तर कागद परत आल्यावरच भरा.

मावसभाऊ आता बदली होऊन फ्रीमॉन्टला यायचं म्हणतोय. त्याचं यादीबाहेरचं पिस्तूल तो आणू शकेल, फक्त आल्यापासून ६० दिवसांत राज्याकडे नोंदवावं लागेल. १७ गोळ्यांची मॅगझीन तिकडेच ठेवून यायला मी त्याला सांगितलं आहे, आणि न्याय खात्याने मान्य केलेली कुलपाची पेटीही घ्यायला लावली आहे. १ जानेवारी २०२६पासून, शस्त्र जवळ बाळगलेलं नसेल आणि हाताशी ताब्यातही नसेल, तर ते घरातही अशा साधनातच ठेवावं लागतं.