टेपच्या लेबलवर विसंबलो आणि फसलो

अमेरिकेहून आलेली तासाभराची बीटाकॅम एसपी व्हिडिओ टेप कॅप्चर केली, म्हणजे संगणकात उतरवून घेतली. सुरुवातीचे कट बरोबर, शेवटचे मात्र लॉगशीटवर नोंदलेल्या वेळांपेक्षा साडेतीन सेकंदांनी सरकलेले. आधी डेकवर, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्रावर संशय घेतला, हेड साफ केले. उगाच! मग ०१:००:५९:२९ या टाइमकोडवर (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) टेप थांबवून एकच फ्रेम पुढे सरकवली. आकडा थेट ०१:०१:००:०२. मधले दोन क्रमांक गाळलेले, म्हणजे ड्रॉप-फ्रेम! लेबलवर ठळक अक्षरांत 'नॉन-ड्रॉप' लिहिलेलं, आणि मी प्रोजेक्टही तसाच लावलेला.

तिकडच्या टेपचा वेग सेकंदाला पूर्ण ३० नव्हे, तर २९.९७ फ्रेम असल्याने घड्याळाशी मेळ राहावा म्हणून ड्रॉप-फ्रेममध्ये दर मिनिटाला फ्रेमचे दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला नाही. तासाला १०८, म्हणजे सुमारे तेच साडेतीन सेकंद. चित्र एकही गळत नाही, हे मला उशिरा उमगलं. सेटिंग बदलून पुन्हा कॅप्चर केलं, सगळं जुळलं. आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या पाल पद्धतीच्या टेपांना ही भानगडच नसते.