सायलेन्सरची टीप: आधी कागदाची पट्टी, मग दुकान

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक सुरुवातच मोबाइलमधल्या फोटोने करतं. मागे पाचोऱ्याकडचा एक पोरगा आला. "भाऊ, मनी गाडीले असा जाडा पाइप बसाडी दे." फोटोत चार इंची टीप, म्हणजे सायलेन्सरच्या नळीच्या टोकावर चढवायचं शोभेचं तोंड, आणि गाडी विलायती. याच्या हॅचबॅकच्या बंपरखाली तेवढी जागाच नव्हती. जळगावात सायलेन्सर झाळत इतकी वर्षं गेली, पण फोटोवरून घेतलेली टीप पहिल्या फटक्यात नीट बसलेली मी क्वचितच पाहिली.

गाडी थंड असताना मागच्या नळीला वहीच्या कागदाची बारीक पट्टी घट्ट गुंडाळा. पट्टी जिथे पट्टीवर चढते तिथे पेनाने खूण करा, सोडा, मोजा. त्या पोराच्या गाडीचं माप आलं 132 मिलिमीटर. भागिले 3.14, म्हणजे 42. हा नळीचा बाहेरचा व्यास. टीपचं आतलं तोंड याहून एक-दोन मिलिमीटर मोठं हवं. त्याहून ढिली घेतली की क्लॅम्प (टीप नळीवर आवळणारा बोल्टचा पट्टा) एकीकडेच आवळला जातो आणि टीप मान वाकडी करून बसते. मी आधी सुतळी वापरायचो, पण सुतळीची जाडी मापात शिरते. व्हर्निअर, म्हणजे व्यास मोजायची सरकती पट्टी असेल तर प्रश्नच नाही.

आता बंपर. इथेच खरी गंमत आहे आणि इथेच मी एकदा हात पोळून घेतलाय. दुकान नवीन होतं. एकाला टीप बंपरच्या खाचेत अगदी चपखल, आतल्या आत हवी होती. दिसायला झकास झाली. गडी मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन शिरपूरमार्गे सेंधव्याचा घाट चढून गेला, आणि परत आला तेव्हा खाचेची कड भाजलेल्या पापडासारखी वळलेली. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि ते साधारण 160 अंशांना वितळतं. नवा बंपर माझ्या खिशातून गेला.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: टीपच्या चहूबाजूंनी बोटभर, म्हणजे दीडेक सेंटिमीटर मोकळी जागा, आणि टोक बंपरच्या कडेपेक्षा तेवढंच बाहेर. आत ठेवली तर धूर बंपरवर काजळी धरतो. फार बाहेर काढली तर डिकीत पोती टाकणाऱ्याच्या पोटरीला चटका बसतो. जागा सोडायचं कारण उष्णता एवढंच नाही. सायलेन्सर रबरांवर लोंबकळत असतो आणि इंजिन हलतं तसा तोही हलतो. खात्री करायची तर एकाला रेस द्यायला सांगा आणि तुम्ही मागे उकिडवे बसून पाहा. शिवाय नळी तापली की वाढते: 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची एक मीटर नळी 100 अंश तापली तर सुमारे 1.7 मिलिमीटर.

टीपची खालची कड बंपरच्या खाली उतरू देऊ नका. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत गाडी रिव्हर्स घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात काळी माती टीपमध्ये अशी ठासते की स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढावी लागते.

टीप सरळ बसली की नाही, हे बंपरच्या रेषेवरून ठरवा, पाणसळ लावून नाही. गाडी थोडी कललेली असतेच आणि पाहणाऱ्याची नजर बंपरच धरते. दहा पावलं मागे जाऊन बघा. तिरकी कापलेली टीप असेल तर वरची कड जास्त बाहेर आलेली हवी. उलटी बसली की तोंड वासल्यासारखी दिसते. आणि एकाच नळीच्या गाडीला दुसऱ्या बाजूला खोटी टीप लावायची हौस मला तरी पटत नाही.

माल घेताना चुंबक खिशात ठेवा. क्रोम चढवलेल्या लोखंडाला तो घट्ट चिकटतो, आणि अशी टीप आतून गंजत येते. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे 304 च, असं समजू नका. स्वस्तातल्या 202 ग्रेडच्या स्टीलला सुद्धा तो सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. कड आत वळवलेली, दुहेरी भिंतीची टीप भरीव दिसते आणि चेपतही नाही.

पहिल्यांदा बसवताना क्लॅम्पच वापरा, बोल्ट खालच्या बाजूला. महिनाभरात मन भरलं नाही तर काढता येते. झाळून पक्कीच करायची असेल तर आर्गन वायूच्या वेल्डिंगने करून घ्या, आणि त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. आधी दोन टाके मारायचे, मग मागे जाऊन बघायचं, मग पूर्ण झाळायचं. सायलेन्सरच्या पोटाला बारीक भोक दिसलं तर ते बुजवू देऊ नका. "सायलेन्सर गळतो" म्हणून कितीजण येतात! इंधन जळताना पाणी तयार होतं, ते तिथून निथळतं. बुजवलं की ते आत साचून पत्रा खातं.

टीपने आवाज फारसा बदलत नाही, ताकद तर नाहीच. आवाजासाठी पूर्ण सायलेन्सर बदलून मागणाऱ्याला मी आधी कायदा सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, कापायचं काम मी घेत नाही. त्यामागचा सेन्सर ओरडतो आणि मीटरवर इंजिनचा दिवा लागतो.

बसवून झालं की मागच्या सीटवर तिघांना बसवून दोन-चार गतिरोधकांवरून गाडी न्या, काच खाली ठेवून. टणटण ऐकू आली तर कुठेतरी टेकतंय. पन्नासेक किलोमीटरनंतर नळी थंड झाली की क्लॅम्प पुन्हा आवळा. तो पोरगा शेवटी अडीच इंची टीप घेऊन गेला. क्लॅम्प आवळायला अजून आलेला नाही.